कॅम्परव्हॅनने कोकण किनारा: आधी तिथी बघा, मग नकाशा

पहिल्यांदा कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात गेलो तेव्हा प्लॅनिंग कसं केलं होतं सांगू? मॅपवर किलोमीटर मोजून. पुण्यातून पहाटे निघायचं, बाराच्या आत अलिबाग, कुलाबा किल्ला चालत बघायचा, संध्याकाळी काशीद. कागदावर एकदम मस्त. आणि पोचलो तर पौर्णिमा, भर बाराची भर भरती, किल्ल्याच्या तटाला लाटा आपटतायत आणि जिथून चालत जायचं ती वाट पाण्याखाली. मग काय, गाडीत बसून शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला पण तेच, प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायला लागलो तर एका आजोबांनी हटकलं, "ओ, खाली पाणी आहे, वर या." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "निघताना कालनिर्णय बघितलं असतंस तर."

बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून आम्ही किनाऱ्याची ट्रिप तिथीवर ठरवतो, गाडी नुसती झोपायला आणि चहाला. खाली जे लिहिलंय ते चार-पाच ट्रिपांमधून शिकलेलं आहे, अलिबागपासून मालवणपर्यंतचं, आणि क्रम पण तोच ठेवलाय ज्या क्रमाने तुम्हाला करावं लागेल.

तिथीचा हिशोब, पाच मिनिटांचं काम

कोकणातल्या जुन्या माणसांना हे पाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे तिथी गुणिले तीन, भागिले चार. बीजेला दीड वाजता पूर्ण भरती, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, उत्तर येतं सव्वाअकरा. पहाटेचीही तीच वेळ आणि दुपार-संध्याकाळची पण साधारण तीच, दुसरी भरती पंचवीसएक मिनिटं उशिरा येते एवढंच. भरतीच्या पुढेमागे सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी, जिला मालवणकडे सुकती म्हणतात. रोज हे सगळं पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दक्षिणेला भरती जरा लवकर लागते आणि मुंबई-अलिबागकडे जरा उशिरा. त्यामुळे महिनाभर आधी ट्रिप ठरवायला तिथी वापरा आणि आदल्या रात्री मोबाइलवर त्या गावाचं भरतीचं टेबल बघून मिनिटं पक्की करा. दोन्ही लागतं. नुसतं अॅप वापरलं तर महिन्याचं चित्र डोळ्यासमोर येत नाही, नुसत्या तिथीवर विसंबलात तर खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, अडकाल.

आता दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला ओढ एकमेकांशी काटकोनात, पाणी चढतही नाही फार आणि उतरतही नाही, तो भांग. गंमत म्हणजे सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवस नंतर असतं.

हे सगळं एकत्र केलं की उत्तर आपोआप येतं. बीज ते चतुर्थी. या दिवसांत पाणी भरपूर उतरतं आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान लागते, म्हणजे ऊन चढायच्या आत खडपं उघडी. पौर्णिमेला पण पाणी उतरतं पण पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी सहाला, अंधारात काय बघणार. म्हणून घरून पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. आमची सगळ्यात जमलेली ट्रिप माघ वद्य प्रतिपदेला निघालेली होती, खालचा प्रवास त्याच हिशोबाने लिहिलाय.

महिना माघच का? जून ते सप्टेंबर समुद्राकडे बघायचं सुद्धा नाही, ऑक्टोबरात उकाडा, दिवाळी-नाताळला गर्दी, मे महिन्यात आंबे असतात पण पाणी नसतं. फाल्गुनात शिमगा. शिमगा बघायला जरूर जा पण छोट्या गाडीने, पालख्या रस्त्यावर असतात आणि पोस्त (शिमग्याची वर्गणी) मागायला पोरं दर दोन किलोमीटरवर दोरी धरून उभी, एवढी मोठी गाडी बघितली की पोस्त पण मोठं लागतं.

गाडी आणि रस्ता

आमची ट्रॅव्हलर मिनीबसच्या बॉडीवर बनवलेली आहे, वर एसी आणि सोलर धरून उंची जवळजवळ तीन मीटर. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं तेव्हापासून भाड्याने पण मिळायला लागल्यात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भाड्याचीच घ्या आणि मिळेल ती सगळ्यात छोटी घ्या. कोकणात लांबी-रुंदी भोवते. मुख्य रस्ता चांगला असतो, घोळ शेवटच्या एका किलोमीटरात आहे, गावातून समुद्राकडे उतरणारी आळी, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, वर फणसाची फांदी आणि लोंबणारी विजेची तार. समोरून रिक्षा आली की संपलं. त्यामुळे नियम असा ठेवलाय की गाडी गावाच्या तोंडाशी थांबवायची, एकाने उतरून चालत पुढे जायचं, वळायला जागा आहे का बघून फोन करायचा, मगच आत. दहा मिनिटं जातात पण चारशे मीटर रिव्हर्स घेण्यापेक्षा बरं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेऊ नका. मी हात जोडून सांगते. ओली वाळू कडक दिसते म्हणून लोक नेतात, तीन-चार टनांची गाडी थांबली की खालून पाणी पाझरतं आणि चाकं बसतात, मग भरती वाट बघत नाही. शिवाय कासवांची अंडी असतात, पोलीस दंड करतात, आणि खारं पाणी चेसीला लागलं की वर्षभरात गंज फुलतो.

खाड्या ओलांडायला फेरीबोट आहे, लोक जंगलजेट्टी म्हणतात. चार जागा लक्षात ठेवा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. बस सुद्धा जाते त्यावर, त्यामुळे वजनाची काळजी नको. काळजी शेपटीची. पाणी उतरलेलं असेल तेव्हा धक्का आणि बोटीचा रॅम्प यात चांगला खळगा होतो, आणि ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकाच्या बराच मागे लांब असतो. एका जेट्टीवर आमचा मागचा बंपर असा घासला की आख्ख्या बोटीने वळून बघितलं. तेव्हापासून फेरी शक्यतो अर्ध्या पाण्याला पकडतो, म्हणजे दुपारी, आणि चढायच्या आधी जेट्टीवरच्या पोरांना विचारतो, ते कोन बरोबर सांगतात. गॅसचा रेग्युलेटर बंद, हँडब्रेक, पहिला गिअर, चाक अडवायला दगडाची उटी. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण दाभोळला बोट चुकली तर चिपळूणला वळसा आहे.

रात्री गाडी कुठे

इथे लाजायचं नाही. गाव गाठायचं चारच्या आत, दुकानात चहा प्यायचा, विचारायचं. तीन पर्याय चालतात. एमटीडीसीचे (राज्याच्या पर्यटन महामंडळाचे) रिसॉर्ट, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली, आधी फोन करून गाडी आत उभी करू देतात का विचारायचं. दुसरा, देवस्थानाचं पार्किंग किंवा भक्तनिवास. तिसरा आणि आमचा आवडता, एखाद्या घरगुती खानावळीचं आवार. त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचं, रात्रीचे पैसे द्यायचे, विजेचा प्लग आणि बाथरूम मिळतं. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, एकटी गाडी लावून झोपायचं रील छान दिसतं, प्रत्यक्षात रात्री दोनला कोणीतरी टॉर्च मारतो आणि तो बिचारा गावचाच असतो, त्याला पण भीती वाटत असते.

माडाखाली गाडी लावू नका. आम्ही सावली बघून लावत होतो तर मालवणजवळ एक काका ओरडले, "ओ, हय नको लावू, नारळ पडतलो!" नवरा हसला. रात्री नारळ नाही पण झावळ पडली, सोलर पॅनेलपासून वीतभर लांब. तेव्हापासून मान वर करून बघितल्याशिवाय इंजिन बंद करत नाही.

वाऱ्याचं पण गणित आहे. दुपारी समुद्रावरून खारा वारा, रात्री उलटा जमिनीकडून मतलई. ऑनिंग (गाडीचं कापडी छप्पर) दुपारी समुद्राच्या बाजूला उघडलं तर पतंग होतो. दार जमिनीच्या बाजूला ठेवा, रात्री गार झुळूक आत येते, पंख्याची बॅटरी वाचते.

पायात आणि पिशवीत

फ्लोटर्सवर खडपात जाऊ नका. ओल्या दगडावर शेवाळ आणि त्यावर चिकटलेल्या कालवांच्या कडा, ब्लेडसारख्या कापतात. जुने, तळ पकडणारे, बोटं झाकणारे बूट, भिजले तरी चालतील असे. टोपी, माणशी दीड लिटर पाणी, शिट्टी, जंतुनाशक, बँडेज, मोबाइल झिपच्या पिशवीत. दोन जोड्या चपला गाडीच्या पायरीपाशी आणि एक बादली गोडं पाणी. पाय धुतल्याशिवाय गाडीत प्रवेश नाही, हा नियम आमच्याकडे सासूबाईंना पण लागू आहे.

आता चालायला

बीज, कुलाबा. ओहोटी पावणेआठला. उजाडलं की पावणेसातला वाळूवर उतरायचं, पाणी अजून उतरत असतं, घोट्याएवढं लागलं तरी उतरणारं आहे म्हणून चालतं. हाच सगळ्या खडप-चालींचा मंत्र आहे: ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि पाणी उलटलं की तासाभरात परत काठावर. कारण पाणी समोरून नाही येत, आधी मागचे खळगे भरतात, तुम्ही किल्ल्याकडे तोंड करून फोटो काढताय आणि परतीची वाट मागच्या मागे भरलेली. घोडागाड्या असतात पण जाताना चालाच, वाळूत बुडबुड्या खेकड्यांनी गोळ्या टाकून केलेली नक्षी घोडागाडीतून दिसत नाही. किल्ल्याचं काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू करवलं, पुढे आंग्र्यांचं ठाणं झालं, आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपती पंचायतनाचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी समुद्र असताना आत गोड्या पाण्याची विहीर. साडेआठला किल्ल्यातून बाहेर. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावात आहे, ती परतल्यावर.

मग नाश्ता, रेवदंडा, कोर्लई वरून वरून, काशीदला शनिवार-रविवार असेल तर काच पण खाली करू नका, आगरदांड्याला दुपारची फेरी. दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता समुद्राला चिकटून जातो, तिथे घाई केलीत तर काय उपयोग. मुक्काम हरिहरेश्वर.

तृतीया, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. ओहोटी साडेआठ. आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायची पद्धत आहे, मग देवळामागून वर चढून दोन कड्यांच्या मधल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरल्यासारखं उतरायचं. खाली सपाट खडपाची ओटी आहे आणि तिथल्या कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. मुलाने विचारलं कोणी कोरली, तर उत्तर असं की मिठाने. लाटांचे तुषार दगडाच्या भेगांत शिरतात, पाणी वाळतं, मीठ राहतं, त्याचे स्फटिक वाढताना दगडाचा कण-कण सुटा करतात, भोक पडलं की त्यात जास्त पाणी थांबतं आणि ते अजून खोल होतं. काळ्या बसाल्टला मीठ खातंय हे असं डोळ्यासमोर बघायला मिळतं. पण इथे माणसं वाहून गेलेली आहेत, हे विसरू नका. ओहोटी असली तरी कड्याच्या बाजूने चालायचं, कडेच्या ओल्या दगडावर जायचं नाही, समुद्राकडे पाठ करून सेल्फी नाही. दगड ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत नुकती येऊन गेलीय. गावातलं कोणी नको म्हणालं तर वाद न घालता वर.

दुपारी बागमांडल्याहून पलीकडे वेश्वी, तिथून बाणकोटवरून वेळास. नाना फडणवीसांचं गाव, पण हल्ली ओळख ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव. मादी रात्री येऊन अंडी घालते, ती उचलून पुळणीवरच्याच कुंपणात पुरतात, दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात, वाळू गरम असेल तर माद्या जास्त निपजतात. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश नाही, टॉर्च नाही. आणि पिल्लू निघालंच पाहिजे असा हट्ट नाही, आम्हाला संध्याकाळी शून्य आणि चतुर्थीच्या सकाळी अकरा. गाडी गावाच्या बाहेर ठेवा, आत गल्ल्या आहेत, आणि जेवण गावातल्या घरातच घ्या, कासव राखणारं गाव त्यावर चालतं. पिल्लं सोडून झाली की सव्वानऊची ओहोटी आहेच, पुळण रिकामी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांत चालत जा. वर बघत चला, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड या भागात घरटी करतो.

केळशीची वाळूची टेकडी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती मोठ्या गाडीला जरा त्रासाचे आहेत, रस्ता अरुंद आणि चढउताराचा, आमचा नवरा घामाघूम होतो. मुक्कामाला गाडी लावून रिक्षा करा. पंचमीला मुरुड-कर्दे सकाळी चाला आणि दुपारी दाभोळची फेरी पकडून गुहागर.

षष्ठी. गुहागरला सकाळी सुरूच्या बनातून अनवाणी चाला, इथे खडप नाही, डोकं वापरायची गरज नाही. खरं काम संध्याकाळचं. आतापर्यंत ओहोटीमागे धावलो, आज भरती हवीय. हेदवीला समुद्रावर उमामहेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारी काळ्या खडकात एक चीर, बामणघळ. भरतीचं पाणी त्या फटीत कोंडतं, आत दाबलं जातं आणि वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि लोक म्हणतात काय एवढं. षष्ठीला भरती साडेचार ते पाचच्या सुमाराला, म्हणजे उजेड आणि पाणी दोन्ही. भांग जवळ आल्यामुळे उसळी उधाणाएवढी नसते पण आपल्यासारख्या मुलंबाळं घेऊन येणाऱ्यांना तेवढीच बरी. घळीच्या काठापासून लांब, कोरड्या दगडावर. ब्राह्मण पडला म्हणून नाव पडलं असं सांगतात, तेवढं पुरे.

सप्तमीला तवसाळ-जयगड, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक (जन्म १८६६), गणपतीपुळ्याला दर्शन आणि फक्त किनाऱ्याने चाल. पाण्यात नाही, का ते खाली सांगते. आरे-वारेचा रस्ता बघायला डाव्या बाजूला थांबायला जागा कमी आहे, गाडी वर पॉइंटला लावून चालत उतरा.

अष्टमी-नवमीला भांग. पाणी अर्धवट, ओहोटी भर दुपारी. या दोन दिवसांत किनारा सोडा आणि सड्यावर जा, हे सहसा कोणी करत नाही आणि मला विचाराल तर हाच ट्रिपचा सगळ्यात भारी भाग. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. उक्षीच्या हत्तीभोवती गावाने चिऱ्याची गोल भिंत घातलीय, कशेळीचा हत्ती तर अठराएक मीटर लांब, त्याच्या पोटात कितीतरी मासे-प्राणी कोरलेले. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी साडेसातला जा, तिरकं ऊन असलं की रेषा उठून दिसतात, दहानंतर सगळं सपाट दिसतं आणि तवा तापतो. शिल्पावर बूट ठेवू नका, खडूने रेषा भरू नका. कशेळीला गेलाच आहात तर कनकादित्याचं सूर्यमंदिर आणि देवघळीचा छोटा किनारा.

पुढे विजयदुर्ग आणि गिर्ये, रामेश्वराच्या देवळाला कातळ फोडून केलेली वाट आणि खाडीत आंग्र्यांची गोदी. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग तिन्ही आहेत, आता पाट्या नीट लागल्यात. कुणकेश्वर दशमीच्या आसपास गाठा. चार दिवस उशीर केलात तर महाशिवरात्र, यात्रेत ही गाडी घेऊन शिरलात तर बाहेर कधी याल सांगता येत नाही.

मालवणला सिंधुदुर्ग होडीने, पण मी सांगेन ती चाल म्हणजे तारकर्ली ते देवबाग. गाडी तारकर्लीतच. पुढे रस्ता इतका चिंचोळा की दोन्हीकडच्या घरांतल्या लोकांशी हात मिळवता येतो. पुळणीवरून दक्षिणेला चालत राहायचं, उजव्या हाताला समुद्र, डावीकडे माडांच्या पलीकडे कर्ली खाडी, आणि जमीन हळूहळू निमुळती होत शेवटी संगमावर संपते. रमतगमत दोन तास. परत रिक्षाने. वाटेत रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर थांबा, दोरीला हात लावायचा का विचारा, बहुतेक हो म्हणतात आणि तासभर ओढल्यावर हाताची सालं निघतात. पसरलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही, वाळत घातलेल्या मासळीवरून उडी मारायची नाही.

पाण्यात जायचं असेल तर

गणपतीपुळे, गुहागर, आरे-वारे, कुठेही बातमी एकच असते, शहरातून आलेली पोहता येणारी मुलं. पोहता न येणारा गुडघ्यापर्यंतच जातो. लाटांनी काठावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जातं, आणि ते एका पट्ट्यातून जोरात जातं. तो पट्टा ओळखायचा कसा, तर दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक जागा शांत, जरा गढूळ, फेस आत चाललाय. शांत दिसते म्हणून लोक तिथेच उतरतात. गावकरी म्हणतात "पाण्याला ओढ आहे" ते हेच. ओढीत सापडलात तर काठाकडे पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, लाटा फुटतायत तिथे आलात की लाटच आणून टाकते. खाडीच्या मुखाशी ओहोटी चालू असताना अजिबात नाही, देवबागच्या संगमावर सुद्धा नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे मोठ्या लाटांचे इशारे रोज बघा, आकाश निरभ्र असताना पण लांबच्या वादळाच्या लाटा येतात. नंबर सेव्ह करा: ११२, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घसटत चाला, वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आवाजाने पळतं. जेलीफिश लागला तर गोड्या पाण्याने धुवू नका, वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टर. नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हात लावायचा नाही, त्यातली गोगलगाय डंख मारते. डबक्यातला दगड उलटून बघितला तर परत तसाच ठेवा. शिंपले घरी नेण्यावरून आमच्याकडे दर ट्रिपला भांडण होतं, शेवटी तोडगा असा की फोटो चालतो, पिशवी चालत नाही, आणि बरेच शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहेत हे सांगितलं की मुलगा गप्प बसतो.

पाणी भरणं, सांडणं, धुणं

टाकी भरायच्या आधी चूळ भरून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ असतात, शंभर लिटर भरल्यावर चहा खारट लागून उपयोग नाही. माघात विहिरींना पाणी असतं, एप्रिल-मेमध्ये कोणाच्या दारात जाऊन टाकीभर मागू नका, त्यांनाच टँकर येत असतो. टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या संडासात, विचारून, आणि निळं केमिकल न वापरता, गावातल्या सेप्टिक टँकचे जंतू त्याने मरतात. सड्यावर, कांदळवनात, खाडीत काही ओतायचं नाही, भांड्यांचं पाणी सुद्धा नाही.

रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने काचा आणि सोलर पुसा, मिठाचा थर बसतो आणि चार्जिंग खाली येतं. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. परत आल्यावर पहिल्या दोन दिवसांत सर्व्हिस सेंटरला नेऊन खालून गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवून घ्या, चाकांच्या वरचा भाग आणि ब्रेकच्या पाइपांकडे बोट दाखवून सांगा, नाहीतर ते नुसतं वरून चकचकीत करून देतात. सरकत्या दाराच्या रुळातली वाळू पाण्याने धुवू नका, चिखल होऊन घट्ट बसते. आधी सुकू द्या, मग रंगाच्या जुन्या ब्रशने उकरा, मग व्हॅक्यूम. आमच्या रुळात अजून देवबागची आहे थोडी, दार लावताना करकरते.